मळका रणगाडा

दिवाळीच्या अंकात मळाविषयी लिहिणे शुभ नव्हे, हे मी जाणतो. वसुबारसेच्या आतच घरोघर झाडलोट होऊन भिंतींना रंग लागलेला असतो. माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने लखलखीत झालेली असतात, आणि अंगाचा मळ उटण्याने काढण्याला तर पंचांगात मुहूर्तच दिलेला असतो. अशा वेळी एक शाळामास्तर उठतो आणि मळाचे गुण गाऊ लागतो! पण माझा नादच असा आहे, की त्यात नव्याकोऱ्या वस्तूला मळवण्यासाठी मी रात्री-रात्री जागतो. घरातून या नादाला अद्याप मान्यता मिळालेली नाही. ‘‘कपाटातल्या गाड्या मुद्दाम मळवायच्या आणि सदऱ्याची कॉलर मळकी राहिली म्हणून मला बोलायचं!’’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्याला उत्तर शोधणेही सोडून दिले आहे.

मी रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करतो. खोक्यातून प्लॅस्टिकचे दोन-तीनशे तुकडे येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. बहुतेक प्रतिकृती १:३५ या प्रमाणाच्या असतात. हा पस्तीसचा आकडा एखाद्या गणितज्ञाने विचार करून काढला असेल असे वाटते, पण तसे काही नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचे एक चालते खेळणे काढले. त्याच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या बसतील एवढा रणगाडा केला, मग मापून पाहिले, तर तो खऱ्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. साऱ्या जगातले हौशी लोक आजतागायत त्या बॅटऱ्यांच्या मापाने रणगाडे करीत आहेत. थोर थोर परंपरांच्या मुळाशी असे काहीतरी निघते, याचा मला फार आनंद होतो.

माझे गणित मॅट्रिकपुरतेच. पण या नादापायी पस्तीसचा पाढा पक्का झाला. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक इथे पाच सेंटिमीटरांचा होतो. उत्साहाच्या भरात प्रतिकृतीवर तीन मिलिमीटरांचा ओरखडा काढला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेदहा सेंटिमीटरांचा झाला. म्हणजे कोणी कुऱ्हाडच मारली म्हणायची. वाळूचा मिलिमीटरभर कण म्हणजे साडेतीन सेंटिमीटरांचा दगड. म्हणून चिखल करायचा तर माती वस्त्रगाळ करून घ्यावी लागते. आमच्या घोड नदीच्या काठचा मुरूम मी असा धोतराच्या फडक्यातून गाळतो, तेव्हा शेजारचे वैद्यकीची शंका घेतात.

आता हे सगळे कशासाठी? नुसता हिरवा रंग देऊन ठेवला तर काय बिघडले? बिघडते असे, की तो रणगाडा दिसतच नाही, खेळणे दिसते. खऱ्या रणगाड्याचे वजन चाळीस-पन्नास टन. प्रतिकृती तळहातावर तोलता येते. डोळ्याला ते चाळीस टन पटवून द्यायचे काम मळ आणि झीज करतात. त्यासाठी जगभरच्या हौशी मंडळींनी नाना युक्त्या काढल्या आहेत. पातळ काळपट रंग सांध्यासांध्यांतून ओघळू द्यायचा. कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर फिका रंग नुसता पुसटसा फिरवायचा. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन याने १९७० नंतरच्या काळात या दोन्ही युक्त्या पुष्कळ लोकप्रिय केल्या. कोणी गंजाच्या रंगावर केसांचा स्प्रे मारून त्यावर हिरवा रंग देतो आणि मग ओल्या ब्रशाने हिरव्याचे टवके काढतो. कोणी त्याच कामाला मिठाचे खडे वापरतो. परदेशातून या कामाच्या पुड्या नि बाटल्याही येतात, पण त्यांच्या किमती मास्तरांच्या पगाराकडे पाहून ठरवलेल्या नसतात. माझे सामान म्हणजे गेरू, राख, फळ्याच्या खडूची पूड आणि एक मऊ शिसपेन्सिल. लोखंडाची धार उघडी पडल्याचा आभास पेन्सिलीचे शिसे बोटाने घासून जितका होतो, तितका कुठल्याच बाटलीतल्या रंगाने होत नाही.

परंतु युक्त्या चार दिवसांत शिकून होतात. खरा प्रश्न निराळाच आहे, आणि तो म्हणजे मळ लावायचा कुठे?

याचे शिक्षण मला नकळत दौंडला मिळाले. माझे बालपण तिथे गेले. दौंड म्हणजे भीमेकाठचे जंक्शन. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला मनमाडचा मार्ग इथे येऊन मिळतो. १८७८ साली सुरू झालेल्या त्या मार्गावरच नगर आहे, आता सरकारी दप्तरी अहिल्यानगर. आणि नगर म्हणजे रणगाडेवाल्यांची शाळा. त्यामुळे कधी कधी लष्कराची खास गाडी यार्डात येऊन उभी राही. सपाट वाघिणींवर साखळदंडांनी जखडलेले, अर्धे ताडपत्रीखाली झाकलेले रणगाडे आम्ही पोरे पुलावरून पाहत असू. पहारेकरी हाकलीपर्यंत पाहत असू. बाकीच्या पोरांचे डोळे तोफेवर असत. मला मात्र आठवतात ते चाकांवरून फिरणारे लोखंडी पट्टे. त्यांचा जमिनीला टेकणारा भाग नांगराच्या फाळासारखा चकचकीत होता, आणि शेजारी बोटभर आत तेच लोखंड तांबूस पडले होते.

रुळांचेही तसेच. रुळाचा माथा आरशासारखा, तर बाजू काथाच्या रंगाची. यार्डातल्या कुठल्या रुळावरून सकाळी गाडी गेली आणि कुठला आठवडाभर नुसताच पडून आहे, हे त्याच्या माथ्याकडे पाहून सांगता येई. गाड्या जिथे ब्रेक लावून थांबत, तिथली खडी तपकिरी असे. पुष्कळांना ती माती वाटते. पण ती ब्रेकच्या ठोकळ्यांची झिजलेली पूड, लोखंडाची. पडल्या जागी गंजलेली. झीज कुठेही होत नाही. हात, पाय, पाणी, माती यांची जिथे रोजची ये-जा असते तिथेच ती होते. घरातल्या पाट्याला खळगा पडतो तो मधोमध, उंबरठा झिजतो तोही मधोमध, पण शाळेच्या जिन्याची पायरी झिजते ती कठड्याच्या अंगाला. कादंबरी लिहितानाही मला हेच नडते. एखाद्याचा सदरा फाटका आहे, एवढे लिहून भागत नाही. तो हमाल असेल आणि पोते उजव्या खांद्यावर घेत असेल, तर डावा खांदा विरेल कसा?

नोकरीने मला शिरूरला आणले. घोड नदीवरचे गाव म्हणून जुनी माणसे त्याला घोडनदीच म्हणतात. आणि योग असा, की एके काळी इथे खरोखरीच घोड्यांची पलटण होती. इंग्रजांची छावणी शिरूरला होती. १८१७ साली उभारलेल्या पूना हॉर्सचे स्वार त्या वर्षाच्या अखेरीस याच छावणीत होते. (छावणीतला एक कर्नल वॉलेस १८०९ साली वारला, त्याच्या थडग्याला आसपासचे गावकरी सत्पुरुषाची समाधी मानून नैवेद्य दाखवीत, असे जुन्या गॅझेटियरात लिहिले आहे. आपला समाज कोणाला केव्हा देव करील, सांगता येत नाही.) त्याच पूना हॉर्सचे घोडे पुढे गेले आणि रणगाडे आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायला नकार देणारे एकवीस वर्षांचे परमवीर अरुण खेत्रपाल याच पलटणीचे. त्यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा पुढे दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे.

नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. शाळेची सहल तिकडे न्यायची माझी फार हौस. ब्रिटिश, जपानी, पाकिस्तानकडून हस्तगत केलेले, असे देशोदेशीचे रणगाडे तिथे ओळीने उभे आहेत. उघड्यावर, उन्हापावसात उभ्या लोखंडाला रंग द्यावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण रंगावर रंग चढून त्यांचे कोपरे गुळगुळीत झाले आहेत. आयुष्यभर ऊन खाल्लेल्या म्हाताऱ्यांना लग्नाच्या मांडवात नवे फेटे बांधून बसवावे, तसे ते दिसतात. त्यांच्यावर कोण कुठून चढत असेल, कोणाचा हात कुठे टेकत असेल, हे त्यांच्याकडे पाहून मला कधी वाचता आलेले नाही.

ते वाचून दाखवणारा माणूस मला शिरूर तालुक्यातच, न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात भेटला.

गेल्या दिवाळीत आमच्या शाळेत किल्ल्यांची स्पर्धा होती. आता किल्ल्याच्या पायथ्याशी पोरे रणगाडे मांडतातच. वर सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, उतारावर अळिवाचे हिरवे रान आणि खाली विमान, मोटारी, रणगाडे! इतिहासाच्या मास्तरांना यात कालविपर्यास दिसतो. मला तर महाराजांची कुमक वाढली असे वाटते. आठवीतल्या एका मुलाने बाजारचा रणगाडा न आणता स्वतः केला. पुठ्ठ्याचे अंग, जुन्या चपलेच्या रबराचे पट्टे आणि बाटल्यांच्या बारा झाकणांची दोन्ही बाजूंना सहा-सहा चाके. रणगाडाही त्याने विचारपूर्वक निवडला होता, विजयंता. चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात १९६५ पासून तयार होऊ लागलेला, मूळ ब्रिटिश आराखड्याचा, १०५ मिलिमीटर तोफेचा रणगाडा. त्याच्या आळीत पंच्याहत्तरी ओलांडलेले एक दफेदार राहतात, आणि त्यांनी बरीच वर्षे विजयंता चालवला, हे त्या निवडीचे कारण.

मुलाने माझ्याकडून युक्त्या घेतल्या होत्या आणि नवशिक्याला गंजाची जी चटक लागते, ती त्यालाही लागली होती. गेरूचा सढळ हात फिरवून त्याने रणगाड्याला अगदी भंगारवाल्याच्या दारी नेऊन सोडले होते. तो घेऊन आम्ही दोघे दफेदारांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी चष्मा पुसला, रणगाडा उन्हात धरला, फिरवून पाहिला.

‘‘कुणाची ही गाडी?’’ रणगाड्याला ते गाडीच म्हणतात.

‘‘तुमचीच, आजोबा. विजयंता.’’

‘‘माझी नाय. माझ्या गाडीला गंज? अरे, एवढा गंज दिसला असता, तर रिसालदारसाहेबानं मला नळीला उलटा टांगला असता!’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘गुरुजी, संध्याकाळी गाडी थांबली की पहिलं गाडीचं बघायचं, मग आपल्या भाकरीचं. घोड्याच्या पलटणीपासनं चालत आलंय ते. आधी घोडं, मग माणूस.’’

मुलाचा चेहरा उतरला. ‘‘मग सगळं पुसून कोरी ठेवू का?’’

‘‘कोरी कशाला? कोरी गाडी डेपोत असते. चालती गाडी मळतीच. पण ती कुठं मळती, ते असतंय.’’

असे म्हणून त्यांनी काडेपेटीतली एक काडी काढली आणि फळ्यावर छडीने नकाशा दाखवावा तसा तो पुठ्ठ्याचा रणगाडा आम्हाला दाखवू लागले. चालकाची जागा पुढे उजवीकडे. तिथल्या झाकणाची कड त्यांच्या तळव्यांनी आणि विजारीने गुळगुळीत झाली होती, तिथे रंग ठरतच नसे. मागे इंजिनावरच्या पत्र्यावर डिझेल सांडे, त्यावर धूळ बसून काळा चिकट थर होई. फडक्याने पुसला तरी डाग राही. धूळ अंगभर, पण चिखल फक्त खाली नि मागे, कारण पट्टे तो मागे फेकतात. चिखल जुना असेल तर फिका, ताजा असेल तर गडद. धुराच्या नळकांड्यावर मात्र त्यांनी गंज मंजूर केला. ‘‘ते तापतंय. त्याला रंग धरत नाय.’’ पट्ट्यांच्या बाजूंना थोडा राहू द्या, अशी मी रदबदली केली. दोन रात्री पाऊस लागला तर पट्टे लाल होतात, हे त्यांनी कबूल केले. पण एक मैल गाडी चालली की टेकणारी बाजू पुन्हा पांढरी, हेही बजावले.

मग काडी उजव्या बाजूच्या पत्र्यावर, चालकाच्या जागेच्या किंचित मागे येऊन थांबली.

‘‘हितं खरवड. रंग जाऊन लोखंड दिसाय पायजे.’’

‘‘तुम्ही इथून चढायचा का?’’ मुलाने विचारले.

‘‘मी पुढनं. हितनं आमचा लोडर चढायचा. त्याची जागा डावीकडं. पण चढायचा उजवीकडनंच, माझ्या डोक्यावरनं. का? तर सवय! टाचेला नाल. दर आठवड्याला मी रंग लावायचा आणि ह्यानं खरवडायचा. भांडणं व्हायची आमची. दोन दोन दिवस बोलणं बंद.’’

दफेदार काडी हातात फिरवत राहिले. आतून चहा आला. तो घेऊन झाल्यावर त्यांनी पुढचे सांगितले, आणि तेही गाडीच्या देखभालीचा तपशील सांगावा तसे. लोडर सांगोल्याकडचा. सुटीवर गावी गेला आणि तिथेच तापाने वारला. पलटणीत तार आली. पुढच्या आठवड्यात गाडी रंगवायची पाळी होती. दफेदारांनी सगळी गाडी रंगवली, तेवढी वीतभर जागा ठेवली.

‘‘रिसालदारसाहेब म्हणाले, हे काय राहिलं? म्हटलं, साहेब, रंग संपला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि गेले पुढं. पुन्हा विचारलं नाय. गंज चढू नये म्हणून मी तिथं रोज तेलाचं बोट फिरवायचो. पुढं गाडी वर्कशॉपला गेली, तिथनं आली ती नवी होऊन.’’

गंजाच्या एका ठिपक्यावर उखडणारा हा माणूस! मी काहीच बोललो नाही. बोलला तो मुलगा, आणि फार कामाचे बोलला: ‘‘आजोबा, टाच केवढी होती?’’

त्या प्रश्नाने आम्ही तिघेही पुन्हा कामाला लागलो. नालेचा घसरा अंदाजे सात सेंटिमीटर. पुठ्ठ्याच्या रणगाड्याचे प्रमाण आम्ही मापून तिसाच्या आसपास काढले. म्हणजे सव्वादोन मिलिमीटरांच्या आत खेळ. दुसऱ्या दिवशी मुलाने हिरव्या रंगाच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर सराव सुरू केला. पहिले तुकडे पाहून दफेदार म्हणाले, ‘‘टाच हाय ती, नांगर नाय.’’ नंतरच्यांत ओरखडे सगळे एका दिशेचे झाले. माणूस चढताना टाच वर जाते, उतरताना खाली घसरते, तेव्हा दोन्ही हवेत. मग रंगाचा मुद्दा निघाला. दर आठवड्याला रंग लावायचा आणि दर आठवड्याला तो खरवडला जायचा, म्हणजे तिथे रंगाचे थर साचणार. कडेला ताजा हिरवा, त्याच्या आत जुना मळकट हिरवा, आणि अगदी मधे लोखंड. सरळ ब्लेडने खरवडून हे होत नाही. मुलाने सुईच्या टोकाने एकेक हिरवा बाहेरून आत आणला आणि मधे पेन्सिलीच्या शिशाचा एक ठिपका बोटाने दाबला. मी फक्त भिंग धरून उभा होतो. त्याचा अकरावा तुकडा दफेदारांनी पास केला, तेव्हा तीच खूण रणगाड्यावर उतरली. गेरू ओल्या फडक्याने निघाला तेवढा काढला.

स्पर्धेत त्या किल्ल्याला नंबर मिळाला नाही. परीक्षकांना बुरूज कमी वाटले, आणि बुरूज खरोखरच कमी होते. त्या मुलाचे अर्धे दिवस सव्वादोन मिलिमीटरांत गेले होते.

नरकचतुर्दशीला दफेदार किल्ला पाहायला आले. अभ्यंगस्नान झालेले, कपाळाला गंध, अंगात इस्त्रीचा सदरा. महाराजांना त्यांनी आधी कडक सॅल्यूट केला. मग पायथ्याशी उकिडवे बसले. दोन दिवसांच्या वाऱ्याने किल्ल्याची माती उडून रणगाड्यावर बसली होती. ही काही आमच्यापैकी कोणी मुद्दाम घातलेली नव्हती. ‘‘नळीवर धूळ?’’ असे पुटपुटत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नळी पुसली. मग बुरुजाचे झाकण पुसले, मागचा पत्रा पुसला, पुढची चालकाची कड पुसली. उजव्या अंगाला रुमाल आला, तसा त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि मुलाला म्हणाले, ‘‘फटाके जरा लांब लाव रे. डिझेलची गाडी हाय.’’